हिरव्या रंगाखालची चीर

मित्रांनो, भिगवणच्या दवाखान्यामागं कडुलिंबाला टेकून एक सायकल उभी असते. सीटचं कातडं फाटलेलं, मडगार्डाला पोचे, अंग हिरवं आणि पुढचा चिमटा मात्र काळा. ती सायकल म्हणजे मी. पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं, त्याला चिमटा म्हणतात. हिरव्या अंगाला काळा चिमटा कसा, असं येणारीजाणारी मुलं विचारतात. मोठी माणसं "चल, हात लावू नको" म्हणून त्यांना ओढून नेतात. आज ते मीच सांगते. गोष्ट गोड नाही. तरी ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. नळ्या लालबुंद तापवून एकमेकींत बसवल्या, सांधे झाळले. मग एका म्हाताऱ्या कारागिरानं माझा एकेक सांधा हातोडीनं वाजवून पाहिला. वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. नंतरच्या आयुष्यात माझं इतकं मन लावून फक्त एकाच माणसानं ऐकलं. त्याच्याबद्दल पुढं येईलच.

पेटीत बंद होऊन मी मुंबईला उतरले, तिथून पुण्याला आले. बावन्न साली सारजाबाईंनी मला पसंत केलं. त्या पुण्यात नर्सचं शिक्षण घेऊन नुकत्याच भिगवणच्या दवाखान्यात लागल्या होत्या. भोवतालच्या आठ-दहा गावांची बाळंतपणं त्यांच्याकडे. निरोप आला, की कॅरिअरवर कातडी बॅग बांधायची आणि निघायचं. लुगड्यातल्या बाईला चढता-उतरता यावं म्हणून माझा मधला दांडा खाली वाकवलेला आहे. तरी पहिल्या वर्षी गावोगावी माणसं कामं सोडून बघत उभी राहायची.

डाळजच्या प्रयागबाई तर तोंडावर म्हणाल्या, "नर्सबाई, बाळंतपणाला आलीस का सर्कशीत?"

"बाळंतपणाला," बाई म्हणाल्या. "सर्कस येताना वाटेत झाली. तुमच्या गावची कुत्री मागं लागली होती."

प्रयागबाई हसल्या. त्या दिवसापासून त्या घराशी आमचं जमलं. घरात प्रयागबाई, त्यांचा मुलगा गेणू, सून ठमाबाई. ठमाबाईला तेव्हा मुलगी झाली. मुलगा हवा होता, म्हणून मुलीचं नाव नकोशी ठेवलं. नाव काही असो, पोरगी गोड निघाली. चालायला लागल्यापासून मी आले की धावत यायची आणि माझ्या तारांत बोटं घालायची. बाई तिच्या हातावर चापट मारायच्या. तुम्हीही घालू नका, मित्रांनो. चाक फिरलं तर बोट राहत नाही.

नकोशीच्या वेळी ठमाबाईचं रक्त थांबता थांबत नव्हतं. बाईंनी रक्त थांबवायची सुई दिली म्हणून ती वाचली. पुढं छप्पन साली तिला पुन्हा दिवस गेले. तिनं बाईंचा हात धरला होता. मी दारातच उभी होते, मला ऐकू आलं.

"बाई, या खेपेला तुमी येशीला न्हवं?"

"येईन. कळा सुरू झाल्या की लगेच माणूस पाठवा. सुई घेऊन येईन."

ठमाबाईचे दिवस भरत आले आणि नेमकी मी दुखावले. ओढ्यातल्या एका दगडावर माझं पुढचं चाक जोरात आदळलं. वरून काही दिसेना. पण त्यानंतर ब्रेक दाबला की माझ्या चिमट्यातून बारीक 'कर्र' असा आवाज यायचा. मला कळत होतं, रंगाखाली चीर गेली आहे. मित्रांनो, आम्हांला तोंड नाही. आमच्याजवळ तेवढा एक आवाजच असतो.

बाईंनी तो ऐकला. त्या निष्काळजी नव्हत्या, हे लक्षात ठेवा. त्यांनी मला एसटीच्या टपावर चढवलं आणि बारामतीला चाँदभाईंच्या दुकानात नेलं.

दुकान अंधारं, जमीन तेलानं काळी झालेली. बाहेर दहा-बारा सायकली भिंतीला लावलेल्या. बाईंना वाटलं, इथं कामं रखडतात. बसायला सांगायचं सोडाच, चाँदभाईंनी मानसुद्धा वर केली नाही. त्यांनी मला उलटं केलं, हातोडीनं चिमटा वाजवला आणि कान लावला. पुन्हा वाजवला. मग कानस घेतली आणि माझा हिरवा रंग खरवडला.

"अहो, रंग कशाला काढता?" बाई ओरडल्या.

"रंगावर बसून जाता का तुमी? ही बगा चीर. चिमटा गेला. नवा पुण्याहून मागवाया लागंल. आठ दिस सायकल हितंच ठेवा."

"आठ दिवस मला थांबता यायचं नाही. तोवर तात्पुरतं काहीतरी करा."

"तात्पुरतं मराया जायाचं असंल तर दुसरं दुकान बगा."

"मग मी जायचं कसं?"

"चालत जावा!"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. बाईंचा चेहरा लाल झाला. का घाई आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. चाँदभाईंनीही विचारलं नाही. बाईंनी मला उचललं आणि हातात धरून स्टँडवर आणलं. दुसरं चांगलं दुकान कुठलं, असं त्यांनी तिथं तिघांना विचारलं. कंडक्टर, एक शाळामास्तर, एक भाजीवाली. तिघांनी एकच नाव घेतलं: इंदापूरचे मोहनराव. तासाभरात काम, गोड बोलणं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टपावर, इंदापूरला. मोहनरावांचं दुकान झाडूनलोटून लख्ख. सायकली एका ओळीत चकचकत होत्या. देवाच्या तसबिरीपुढं उदबत्ती.

"या बाईसाहेब, हितं सावलीत बसा. च्या सांगू का?" मोहनराव म्हणाले. "ह्यो ओरखडा कुणी केला वो?"

"बारामतीला. चिमट्याला चीर गेलीय म्हणतात. बदलायलाच हवा म्हणतात."

"म्हणायचंच! चांगल्या मालाची काय खराबी केली बगा. ह्येला काय झालंय? तासाभरात नवी नवरी करून देतो."

त्यांनी रंगाआधी भरतात ती लांबी चिरेत बोटानं दाबली, वर हिरवा रंग फिरवला, चेन घासलेटनं धुतली, तेल घातलं. चांगलं जाड तेल. बाईंनी मला मुद्दाम रस्त्यावर चालवून पाहिलं, ब्रेक दाबला. कर्र आवाज बंद झाला होता. तेलात आणि लांबीत तो दबला होता. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मोहनरावांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी फसवलं नाही, त्यांनी पाहिलंच नाही. माझी कीव येऊन तरी एकदा वाजवून बघायचं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दीड-दोनच्या सुमाराला गेणू धावत दवाखान्यात आला. दोन कोस पळून त्याला दम लागला होता.

"बाई, चला. सकाळधरनं कळा हायती. आय म्हणती, लौकर."

"तू ये मागून, मी पुढं होते."

सोलापूरच्या रस्त्यानं आम्ही सुसाट निघालो. ऊन कडक होतं. बाई पुटपुटत होत्या, "आले, ठमे, आले." पुढं ओढ्याचा उतार लागला. मधेच एक शेळी आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबला.

मला त्यांना थांबवायचं होतं. चिमट्याचा एक पाय मोडला, मग दुसरा. चाक एकीकडे गेलं, मी नाकावर कोसळले आणि बाई माझ्यावरून उडून दगडांत पडल्या. त्यांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. त्या उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. डाव्या हातानं त्यांनी आधी बॅग उघडली आणि सुईच्या बाटल्या पाहिल्या. कापसात गुंडाळल्या होत्या, एकही फुटली नव्हती.

गेणू मागून पळत येऊन पोचला तेव्हा त्या चालत ओढा ओलांडून गेल्या होत्या. त्याची हाक मी ऐकली. "बाई, बॅग माझ्याकडं द्या, मी पळतो!" आणि बाईंचं उत्तर, "सुई द्यायची कुणी, गेणू?" मग दोघंही चालत दिसेनासे झाले. त्या दिवशी त्या रस्त्यानं ना गाडी आली, ना मोटार.

पुढचं मी पाहिलं नाही. दवाखान्याच्या ओसरीवर जे बोललं गेलं, तेवढं मला ठाऊक आहे. बाई पोचल्या तेव्हा मूल होऊन बराच वेळ झाला होता. मुलगा झाला होता आणि तो रडत होता. ठमाबाई सारखी दाराकडं बघत होती म्हणे. बाईंनी डाव्या हातानं सुई दिली. रक्त सगळं आधीच गेलं होतं. अर्ध्या तासानं ठमाबाई गेली. नकोशी तांब्याभर पाणी घेऊन तिच्या उशाशी उभी होती. आता पाणी नको, हे तिला कुणी सांगितलं नाही.

मी दोन दिवस ओढ्यात पडून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी आली. गाडीत गेणू एकटाच होता. त्यानं माझं तुटलेलं चाक शोधून आणलं. मग मला उचललं आणि मी आदळू नये म्हणून खाली पोतं अंथरून त्यावर निजवलं. ज्या सायकलीनं त्याचं घर मोडलं, तिच्यासाठी त्यानं पोतं अंथरलं.

हात गळ्यात बांधलेला, तशातच बाई मला घेऊन बारामतीला गेल्या. चाँदभाईंनी चिमट्याचे तुकडे उजेडात धरले. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग जुन्या चिरेमुळं गंजून तांबूस झाला होता, अर्धा नुकताच मोडल्यानं चकचकीत होता. मधे मोहनरावांची लांबी भरलेली. त्यांना सगळं कळलं.

"बोला ना काहीतरी," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी बोलला होतात तसं."

"कुणी दगावलं का?"

बाईंनी सगळं सांगितलं. अगदी ठमाबाईनं हात धरला होता तिथपासून. चाँदभाई हातातला तुकडा तसाच धरून खाली बसले.

"ह्या भितीला लावल्याल्या सायकली," ते म्हणाले, "ह्यातल्या चार भाड्याच्या हायत. माज्या लेकीची, शमशादची, बिनदांड्याची बी हाय. एक मागितली असती तर आठ काय, पंधरा दिस दिली असती."

"मला काय ठाऊक? तुम्ही सांगितलंत कुठं?"

"न्हाय सांगितलं." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "तुमाला जायाचं कुठं हाय, ह्येबी इचारलं न्हाय. नुस्ता वरडलो. चीर दावली, माजं काम झालं, आसं वाटलं मला."

"मीही सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मला राग आला होता."

पुण्याहून नवा चिमटा आला, पण तो काळाच मिळाला. चाँदभाईंनी रंगाचं विचारलं, तेव्हा बाई नको म्हणाल्या. सांधा उघडा दिसू दे, असं त्यांचं म्हणणं. तोवर शमशादची सायकल दवाखान्यात राहिली.

मित्रांनो, मी अजून चालते. डाळजला जाताना त्या ओढ्याच्या उतारावर बाई खाली उतरतात आणि मला हातात धरून नेतात. चिमटा पक्का आहे, त्यांनाही ते माहीत आहे.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडेही सायकल येईल, तिच्यावर पुढं कधी तुमचं मूल बसेल. तिला दुकानात नेताना झाडलेली जमीन आणि चकचकीत ओळ बघून भुलू नका. कोण वाजवून बघतो, कोण कान लावतो, ते बघा. तो ओरडला तरी त्याचं ऐका. आणि घाई कशाची आहे ते त्याला सांगा, लाज वाटली तरी सांगा. तुमच्यापैकी कुणी उद्या हातात कानस धरून दुकानात बसलाच, तर चीर जरूर दाखवा. पण ती दाखवून झाल्यावर, समोर उभ्या असलेल्या माणसाला जायचं कुठं आहे, एवढं त्याला विचारा. ठमाबाईसाठी ते कुणी विचारलं नाही.