अर्धं काळं शेत

कोळसा उगाळावा तितका काळाच, हे ऐकवायला लोकांना निमित्तच हवं असतं. गावातल्या एका बाईने ते घमेली भरभरून पुरवलं होतं. मक्याची वाळकी धाटं खड्ड्यात पेटवायची, धूर संपला की राख व्हायच्या आत विस्तव विझवायचा आणि मातीत ओल टिकावी म्हणून तो कोळसा कुटून शेतात हातभर खोल मिसळायचा. विझवायला पाणी धुण्याभांड्यांचं, साठवलेलं. तरी शेजारणी म्हणाल्याच, "प्यायला थेंब नाही आणि ही आग भिजवतेय!"

पहिल्या वर्षी तिने घाई केली होती. ताजा, कोरडा कोळसाच मातीत घातला. कोळसा मुळात हपापलेला. मातीतलं सगळं सत्त्व त्यानेच आधी ओढून घेतलं आणि मका पिवळाधमक पडला. झालं हात दाखवून अवलक्षण! तिचं नावच 'कोळसाबाई' पडलं. चूक तिने मान्य केली, पण चूक मान्य करणं वेगळं आणि नाद सोडणं वेगळं. यंदा तिने कोळसा शेणकाल्यात चांगला मुरवला. आधी त्याला जेवू घातलं, मग कामाला लावलं.

शेत तिचं आणि धाकट्या भावाचं, मधे बांध. वीटभट्टीवाल्याला वरची माती हवी होती, तीही अख्ख्या शेताची.

"विहीर आटलीय, ताई. पीक येत नाही, निदान विटा तरी होतील," भाऊ म्हणाला होता.

"आणि वरची माती गेल्यावर खालच्या मुरमात काय पेरशील? विटा?"

शेवटी ठरलं. तिचा मका यंदा उभा राहिला, तर मातीला कुणी हात लावायचा नाही. नाही राहिला, तर ती स्वतः माती भरून देणार.

पाऊस आला तो तोंड दाखवण्यापुरता. भावाच्या मक्याच्या पानांची सुरळी झाली. तिचा मका मात्र छातीएवढा झाला, कणसं भरली. मातीत बोट खुपसलं की आत ओल लागायची. त्या ओलीचा तिला इतका अभिमान वाटायचा की ती बोट लवकर पुसायची नाही.

आणि एके सकाळी भाऊ वीटवाल्याला घेऊन हजर.

"मका झकास आलाय, ताई. काढून घे, मग मशीन आणतो."

"शब्द दिला होतास."

"शब्दाने पोट भरतं का?"

तिचं डोकं सणकलं. ती बांधावर पाय रोवून उभी राहिली. "आधी मला उचला. मग माती."

वीटवाल्याला भावंडांच्या भांडणात रस नव्हता. त्याने तिच्या बाजूचं ढेकूळ घेतलं, बाटलीतलं पाणी शिंपडून गोळा वळला, मोडला आणि नाक मुरडलं.

"हे काळं काय?"

"कोळसा. हातभर खोल आहे."

"मग संपलं. भट्टीत हा आतून जळणार, वीट पोखरणार. हातात घेतली की भुगा."

"चाळून घेऊ की," भाऊ म्हणाला.

"पीठ आहे का ते?"

"मग कुजेल कधी हा?"

"कोळसा कुजतो होय? तुमचे नातू म्हातारे झाले तरी हा इथेच असेल."

हे तिला ठाऊकच नव्हतं. ती आधी बघत राहिली, मग डोळ्यांत पाणी येईतो हसली. दोन वर्षं गावाने जिला वेड्यात काढलं, तिने नकळत शेताला कडी घातली होती!

पण भाऊही तिचाच भाऊ. "मग माझी अर्धी बाजू घ्या," तो वीटवाल्याला म्हणाला. वीटवाला डोकं खाजवू लागला.

ती तडक खड्ड्याजवळ गेली, मुरलेल्या कोळशाचं घमेलं भरलं, बांध ओलांडला आणि भावाच्या शेतात मुठी उधळू लागली.

"अगं, काय करतेस?"

"तुझा मका उपाशी आहे. त्याला वाढतेय."

वीटवाल्याने हात झटकले. "तुमचं आधी मिटवा," म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला.

"ताई, थांब!" भाऊ ओरडला.

तिने रिकामं घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं. "थांबले. आता तू भरून आण."