शहाणी पेशंट

माकणीच्या हरणाबाईला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती, पण दवाखान्याची गोडी लागली ती नव्या डॉक्टर मॅडम आल्यावर. आधीचा डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहायचा. ह्या मॅडम "बसा आजी" म्हणायच्या, हात हातात घ्यायच्या. त्यात एकदा साखर चांगली निघाली, तर मॅडमनी भरल्या व्हरांड्यात सांगितलं, "बघा, ह्या माझ्या सगळ्यात शहाण्या पेशंट!" झालं, म्हातारी तिथंच फसली.

बाजाराच्या आदल्या दिवशी मेंढरं धुऊन चकाचक करावीत, तशी ती तपासणीआधी स्वतःची तयारी करायला लागली. भाकरी बंद, गोळ्या मात्र डबल. तपासून घरी आली की पुन्हा चहात साखर अन् ताटात गूळ. सून शिवकन्या कावायची, "आत्या, कुणाला फसवायलाव हे?"

"गप गं, तुला काय कळतंय!"

पायाची करंगळी काळी पडली तरी बाईचं तेच. दिवाळीनंतर नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन निघायचा आणि ही दरसाल त्याच्यासंगं चालायची. पाय गेला तर सगळंच गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी करंगळीला हळद फासून, वर मोजे चढवून ती दवाखान्यात गेली.

"पायाला काही नाही ना, आजी?"

"न्हाय ओ मॅडम, झ्याक हाय."

मॅडमनी मोजा काढायला लावला नाही. एवढ्या शहाण्या पेशंटवर अविश्वास कशाला दाखवायचा?

पुढं पायाला वास सुटला, तेव्हा शिवकन्येनं तिला ओढतच धाराशिवला नेलं. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी तिथं झाली, अन् सगळं उघडं पडलं. पाय गुडघ्याखालून काढायचं ठरलं.

मॅडम भेटायला आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आजी, एका शब्दानं सांगायचं होतं हो. फार तर रागावले असते मी."

"त्येच की, बाई," हरणाबाई म्हणाली. "ह्या जल्मात मला शाणी म्हणणारं दुसरं कोण व्हतं?"

दाराबाहेर बिराप्पा सुनेला विचारत होता, पुढच्या साली तरी ही मेंढरांमागं चालंल का.