कोपरीच्या चाळीतला तात्पुरता टेकू

मी एक जुना टेकू आहे, मित्रांनो. टेकू म्हणजे पडू पाहणाऱ्या गोष्टीला खालून दिलेला लाकडी आधार. खोपट भागातल्या लाकडाच्या वखारीत मी नुसता वासा होतो. आपल्या नशिबी कुणाचं छप्पर येणार, याचं मला भारी कुतूहल होतं. छप्पर काही आलं नाही. एकोणपन्नास साली कोपरीतल्या सरकारी चाळीची वरची गॅलरी एका कोपऱ्यात खचली आणि तिच्याखाली मला ठोकून बसवलं.

"तात्पुरता आहे. पावसाळा सरला की पक्की दुरुस्ती," मिस्त्री म्हणाला.

पावसाळे सरले. दुरुस्ती असते तरी कशी, ते मला बघायचं होतं. फाटकातून कुणी अनोळखी आत आला की मी टक लावून बघायचो. पोस्टमन यायचा, कल्हईवाला यायचा. दुरुस्तीला मात्र कुणी येईना. म्हणे आमच्याआधी आणखी पुष्कळ चाळी रांगेत होत्या.

तोवर माझी चंगळ होती. मुलं मला धरून खांबखांबोळी खेळायची. दसऱ्याला मला झेंडूचं तोरण मिळायचं. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या रंगूबाई तर दर शुक्रवारी मला हळदकुंकू लावायच्या. मी फुगून गेलो. आपण खांबच आहोत, असं मला वाटू लागलं.

मग मला वाळवी लागली. आधी नुसती गुदगुली झाली. हे काय नवीन, म्हणून गंमतच वाटली. पण हळूहळू मी आतून पोकळ झालो आणि घाबरलो. रंगूबाईंची मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या तान्ह्या लेकीला रोज कोवळ्या उन्हात निजवायचे ते बरोबर माझ्या डोक्यावरच्या गॅलरीत.

एकदा कळलं, ओव्हरसियर साहेब पाहणीला येणार. साहेब येणार म्हणजे पाहुणाच येणार! बायकांनी अंगण सारवलं, रांगोळी घातली आणि मला खालपासून वरपर्यंत हिरवा रंग फासला. साहेब आले, चहा प्यायले.

"वा, चाळ छान ठेवलीय. इथे काही करायला नको," म्हणाले आणि गेले. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठलं?

पुढच्या शुक्रवारी कुंकू लावताना रंगूबाईंचा अंगठा रंगातून थेट आत गेला.

"अगं बया! मालन, पोरीला आधी आत घे!" त्या ओरडल्या. शेजारणी धावत आल्या, तशा रंगूबाई म्हणाल्या, "आपणच ह्याला नटवला गं. मुलगी दाखवल्यागत दाखवला. साहेबाला कसं कळंल?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका कचेरीत गेल्या आणि साहेबांना घेऊनच आल्या. या खेपेला रांगोळी नव्हती, चहाही नव्हता. माझा रंग विळीने खरवडून काढला होता.

"साहेब, छत्री टोचून बघा," रंगूबाई म्हणाल्या. छत्रीचं टोक आत घुसलं. साहेबांनी वर गॅलरीकडे पाहिलं आणि घाईने मागे सरले.

आठवड्याच्या आत तिथे विटांचा खांब उभा राहिला. मी परसात आडवा पडून सारं बघत होतो. दुरुस्ती म्हणजे थोड्या विटा, थोडं सिमेंट आणि चार माणसं! एवढ्यासाठी इतकी वर्षं?

सगळ्यांदेखत पोकळ ठरलो याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मालनची लेक आता वर निर्धास्त पाय झाडत पडलेली असते. तिचा आवाज आला की माझा जीव सुखावतो.

मित्रांनो, घरातलं मोडकं पाहुण्यापासून झाका हवं तर, पण ज्याने ते नीट करायचं त्याच्यापासून झाकू नका. आणि एखादा टेकू वर्षानुवर्षं उभा दिसला, तर त्याला हार घालण्याआधी एवढं विचारा, हा अजून इथे का आहे?