न थांबलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या त्या रॅलीत सगळ्यात आधी येणारा जिंकत नसे. प्रत्येक टप्प्यावर ठरल्या मिनिटाला पोचणारा जिंके. लवकर गेलात तरी गुण कापले, उशीर झाला तरी कापले. आणखी एक नियम होता, तो कुठल्या कागदावर नव्हता पण सगळे पाळत: वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की थांबायचं. सत्तर-ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या गाड्या त्या, आज त्याची तर उद्या आपली.

आपला चष्म्याच्या दुकानाचा चष्मेवाला नऊ वर्षं भाग घेत होता आणि नऊही वर्षं रिकाम्या हाताने घरी येत होता. यंदा मात्र त्याची गाडी सकाळपासून अशी शहाण्यासारखी पळत होती की विचारू नका! शेजारी बायको घड्याळ आणि नकाशा घेऊन बसलेली. ऊन नुसतं रणरणत होतं. शेवटचा टप्पा आठ किलोमीटरवर आला, आणि वळणावर दातवाले काका दिसले.

काका म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. चष्मेवाल्याला हँडल मारून गाडी सुरू करायला शिकवलं ते त्यांनीच. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं, रेडिएटरमधून वाफ येत होती आणि काकू डोक्यावर वर्तमानपत्र धरून कडेच्या दगडावर बसल्या होत्या. काकांनी रिकामा डबा उंच करून दाखवला.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. पाण्याचा कॅन तिच्या पायाशीच होता.

"किती मिनिटं उरलीत?"

"अकरा. पण अहो, आपल्या मागे कुणी नाही. शेवटची गाडी आपलीच."

आणि या पठ्ठ्याने काय करावं? काका जणू रामराम करायलाच उभे आहेत असं दाखवून हसत हात हलवला आणि गेला की पुढे! दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणारा माणूस हा!

"मिळेल त्यांना एखादा ट्रक," तो पुटपुटला. बायको नुसतं डावं-उजवं सांगत राहिली.

पोचला तो अगदी ठरल्या सेकंदाला. पहिला नंबर! लोक पाठ थोपटू लागले. तासाभराने मैदानात खरंच एक ट्रक आला, मागे दोरीला बांधलेली काकांची गाडी. काका लालबुंद झाले होते. काकूंना दोघांनी धरून सावलीत नेलं. चष्मेवाला आपल्या गाडीमागे सरकला. आता काका सगळ्यांसमोर काय बोलणार?

काका तडक त्याच्याकडेच आले. "अरे, नीट पोचलास ना? जीव टांगणीला लागला होता माझा!" मग रॅलीच्या तपासनिसाकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे साहेब. याच्या ब्रेकचे लायनर गेल्या महिन्यात मी बसवले. याला थांबताच आलं नाही. हात हलवून तेच सांगत होता बिचारा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. 'नाही काका' एवढंच म्हणायचं होतं, पण तोंड उघडेना. म्हातारा माणूस दोष आपल्या डोक्यावर घेतोय आणि हा मुकाट उभा! वर मनात म्हणतोय, असू देत ब्रेक सैल. बक्षीस गेलं तरी चालेल, अब्रू तेवढी राहू दे.

"ब्रेक लागत नसतील तर गाडी बाद करावी लागेल," तपासनीस म्हणाला आणि स्वतःच गाडीत बसला. मैदानात त्याने वेग घेतला आणि पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"झकास आहेत की ब्रेक!"

"हुश्श!" काका म्हणाले. "म्हणजे माझं काम..." आणि गप्प झाले. भोवतालचे सगळे चष्मेवाल्याकडे बघू लागले.

मग काकाच हळूच म्हणाले, "उन्हात दिसलो नसू आम्ही याला."

आता मात्र त्याला राहवेना. "दिसलात काका. चांगले दिसलात. नंबर जाईल म्हणून थांबलो नाही."

काकांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. "जा, तुला बोलावतायत."

कप घेताना त्याची मान वर होईना. टाळ्या वाजवायला बायको नव्हतीच; ती काकूंच्या कपाळावर ओला रुमाल धरून बसली होती. तो तसाच काका-काकूंकडे गेला आणि त्याने कप काकांपुढे धरला.

"काका, हा तुमचा."

"छे रे," काकांनी हात मागे घेतले. "तूच ठेव. वेळेवर पोचलास ना."