पिशवीत बसवलेला फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना, काळाकुट्ट पडलेला फिल्टर आहे. लगेच नाक मुरडू नका. गाडीच्या काचा लावून, एसीच्या वाऱ्यात तुम्ही ज्या मजेत डुलक्या काढता ना, तो वारा आधी माझ्यातून गाळून येतो. इंजिनाचा फिल्टर वेगळा. तो इंजिनाचं बघतो, मी माणसांचं बघतो. म्हणून माझा तोरा जरा जास्त आहे, आणि तो मी लपवतही नाही.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तेव्हा मी कसला देखणा होतो म्हणून सांगू! पांढराशुभ्र रंग, अंगावर साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक घड्या, कडेला ताठ चौकट आणि चौकटीवर छापलेला एक बाण. वारा कुठून कुठे जायचा, ते हा बाण सांगतो. मला पारदर्शक पिशवीत घातलं, पिशवी खोक्यात घातली आणि मी घाटकोपरला धवलच्या दुकानात येऊन पडलो. धवल गाड्यांचे सुटे भाग विकायचा. शेजारी हॉर्न होते, वायपर होते, सगळे आपापल्या आवाजाची नाहीतर ताकदीची बढाई मारायचे. मी म्हणायचो, मारा लेको. माझं काम दिसत नाही, पण ते थांबलं की सगळ्यांना कळतं.

तिथून मला शिवदासकाका इंगोले घेऊन गेले. काका मूळचे वाशीमकडचे, पण महापालिकेच्या नोकरीत सगळी हयात घाटकोपरला गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलुंडच्या एका गृहस्थांकडून जुनी गाडी घेतली. इंगोल्यांच्या घराण्यातली ती पहिली गाडी. काका तिला रोज पुसायचे, पण एसी लावला की आतून कुबट वास यायचा. काकांनी आरशाला कापराच्या वड्यांची पुरचुंडी टांगली, मग सेंटची बाटली चिकटवली. वास काही गेला नाही, उलट तिन्ही वासांची खिचडी झाली. फिल्टर बदलायचा सर्व्हिस सेंटरचा आकडा ऐकून काका म्हणाले, एवढ्यात तर मी घरचे पडदे बदलीन. तेव्हा त्यांच्या लेकीनं, जयानं, मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं की हे काम घरी होतं, फक्त फिल्टर विकत आणायचा.

आता एका वासासाठी एवढी धावपळ कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण विमलाकाकू. काकू भीमगीतं गातात. नुसत्या गातात असं नाही, महिला मंडळात मुख्य आवाज त्यांचा. त्यांचं माहेर देवनारचं, आणि दर जयंतीला तिथल्या वसाहतीत त्यांचं गाणं ठरलेलं. पण मी येण्याच्या आदल्या वर्षी न्यूमोनियानं त्यांची छाती धरली. त्या बऱ्या झाल्या, पण गाणं थांबलं ते थांबलंच. भांडी लावतानासुद्धा गुणगुणायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, गायला हरकत नाही, फक्त धूळ आणि धूर सांभाळा. आणि देवनारचा रस्ता तर कचऱ्याच्या डोंगराला खेटून जातो! काकूंनी मंडळाला नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. काकांनी ते कळवू दिलं नाही. काचा बंद करून, स्वच्छ वाऱ्यात तुला दारापर्यंत नेतो, असा शब्द त्यांनी दिला. तो शब्द पाळायचा म्हणजे मी हवा. कळली ना माझी जबाबदारी?

पण मित्रांनो, काकांची एक सवय होती. नव्या वस्तूचं प्लास्टिक त्यांना काढवत नसे. लहानपणी घरात नवं असं काही येतच नसे, आलं तर ते थोरल्या भावाचं वापरून झालेलं. त्यामुळे स्वतःच्या हातानं नवी वस्तू आणली की ती नवीच राहावी असं त्यांना वाटायचं. टीव्हीचा रिमोट पिशवीत. सोफा प्लास्टिकखाली, उन्हाळ्यात बसलं की मांडीला चिकटणारा. मुलुंडच्या गृहस्थांनी गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक कधीच काढून टाकलं होतं, तर काकांनी हौसेनं नवं शिवून घेतलं. काकू सुरुवातीला बोलायच्या, मग त्यांनी नाद सोडला.

मला बसवायच्या दिवशी जया कामावर होती. काकांनी व्हिडिओ लावला आणि एकट्यानं कामाला हात घातला. खरं सांगतो, काम झकास केलं. डाव्या सीटसमोरचा कप्पा आधी रिकामा केला. त्याच्या दोन्ही कडा आत दाबून तो अलगद खाली सोडला. मागे एक झाकण होतं, त्याच्या खिट्ट्या न मोडता उघडल्या आणि माझ्या आधीच्या फिल्टरला बाहेर ओढलं. बिचाऱ्याची पार वाट लागली होती. घड्यांत सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या, पिंपळाच्या पानांचा चुरा आणि वर काळी साय. मुलुंडच्या गृहस्थांनी दर दसऱ्याला गाडीला हार घातले, पण याला कधी उघडून पाहिलं नव्हतं. काकांनी ती खाच ओल्या फडक्यानं पुसून कोरडी केली. माझा बाण दोनदा तपासला. मग मला आत सरकवलं.

पिशवीसकट.

मी आतून किती ओरडलो असेन! पण फिल्टरचं कोण ऐकतं? पिशवी पातळ होती, चौकटीला घट्ट बसली होती, बाणही तिच्यातून स्वच्छ दिसत होता. काकांनी झाकण लावलं, पंखा सुरू केला आणि जाळीला नाक लावलं. वारा येत नव्हता म्हणा, पण वासही येत नव्हता. सकाळची गार वेळ, वाऱ्याची आठवण कुणाला? वास गेला या आनंदात काकांनी धवलला फोन करून त्याचे आभारही मानले. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा कामावर लागलो आणि हात बांधून बसलो. माझ्यासारख्या मानी फिल्टरला याहून मोठा अपमान नाही.

जयंतीच्या दुपारी तिघं निघाले. काका गाडी चालवत होते, शेजारी निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत काकू, मागे जया. लिंक रोडला लागताच काकांनी काचा बंद केल्या आणि ऐटीत एसी लावला. पंखा घोंघावला. जाळीतून फुंकर मारल्याइतका वारा आला आणि तेवढाच. काकांनी पंखा वाढवला. आवाज वाढला, वारा नाही. एप्रिलचं ऊन, बंद काचा, खाली प्लास्टिकची सीट. काकू पदरानं वारा घेऊ लागल्या. मग त्यांचा श्वास जड झाला. जयानं घाबरून काच खाली केली, आणि त्याच वेळी कचऱ्याच्या डोंगरावरचा धूर आत शिरला. काकूंना खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना. पंखा मला जीव खाऊन ओढत होता आणि पिशवी माझ्या तोंडावर आणखी घट्ट बसत होती. ज्या क्षणासाठी मला आणलं होतं तो क्षण समोर होता, आणि मी काही करू शकत नव्हतो. मला रडू आलं असतं तर मी रडलो असतो.

काकांनी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी आत घेतली. काकू पाणी प्यायल्या, थोड्या सावरल्या आणि म्हणाल्या, "गाडी वळवा. मला नाही जमायचं. तिथे जाऊन नुसती उभी राहू का?"

नवा फिल्टर, नीट बसवलेला, बाणसुद्धा बरोबर, मग कुठे चुकलं, असं काका पुटपुटत राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मांडीखालच्या प्लास्टिककडे पाहिलं.

"अहो, त्या फिल्टरची पिशवी काढली होतीत ना?"

काका हळूच म्हणाले, "नवा होता गं. म्हटलं, धूळ बसेल."

"पप्पा, धूळ बसायलाच आणलाय ना तो!" जया मागून म्हणाली.

आणि काकू हसल्या. आधी ओठात, मग पोट धरून, खोकत खोकत हसल्या. काकांचा चेहरा एवढासा झाला, मग तेही हसू लागले. काकांनी कप्प्यातलं सामान काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि मला बाहेर काढलं. पिशवी फाडायला मात्र त्यांचा हात होईना. काकूंनी मला त्यांच्या हातातून घेतलं, पदराची पिन काढली आणि पिशवी उभी टराटरा फाडली. मित्रांनो, माझा खरा जन्म मरोळला नाही, त्या पेट्रोल पंपावर झाला.

मला परत बसवलं, काचा वर गेल्या, पंखा लागला. आणि मग मी कामाला लागलो तो असा, की विचारू नका! बाहेर धूर होता, ट्रकची धूळ होती. येऊ दे म्हटलं, एकेकाला बघतो. आत गार, स्वच्छ वारा भरला. काकूंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी एक सूर लावला, अगदी हलका, छाती चाचपून पाहावी तसा. तो तुटला. त्यांनी पुन्हा लावला. देवनार येईपर्यंत काकांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

कार्यक्रम मला दिसला नाही, गाडी बाहेर उभी होती. पण लाउडस्पीकर होता. काकूंचा आवाज पहिल्या ओळीला कापला, दुसऱ्या ओळीला उभा राहिला, आणि मग त्यांनी जी तान घेतली ती संपेचना. काका खुर्चीत बसलेच नव्हते. ते गाडीपाशी उभे होते, बॉनेटवर हात ठेवून. तान संपून टाळ्या पडल्या तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "पुरला श्वास."

त्यानंतर वर्षभर मी त्या घराचा वारा गाळला. घरी सोफ्याचं प्लास्टिक निघालं, सीटचंही निघालं. रिमोट अजून पिशवीतच आहे. सवय एकदम जात नाही, आणि काकूही हल्ली त्यावरून हसतात. परवा जयंतीच्या तयारीत काकांनी मला बाहेर काढलं. मी कोळशासारखा झालो होतो. काकूंनी मला हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, हे सगळं माझ्या छातीत गेलं असतं. एवढी मोठी शाबासकी कुठल्या हॉर्नला मिळाली असेल? नव्या फिल्टरची पिशवी काकांनी स्वतः फाडली.

मित्रांनो, आम्हाला वर्षातून एकदा तरी उघडून बघा. काळे पडलो तर झटकून, धुऊन पुन्हा बसवू नका, बदला. काम अवघड नाही, घरच्या घरी होतं. आणि वस्तू ज्या कामासाठी आणली ते काम तिला करू द्या. झाकून ठेवलेली वस्तू नवी राहते, पण कुणाच्या कामाला येत नाही.

आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे. सकाळी गाडी येईल आणि बहुतेक मला देवनारच्याच डोंगरावर नेऊन टाकेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे, तिथे मला कुणी पेटवू नका. माझ्या अंगात वर्षभराचा धूर साठलाय, तो पुन्हा हवेत जायला नको. जयंती जवळ आली आहे. त्या डोंगरापासून वसाहत लांब नाही, लाउडस्पीकरचा आवाज येईल. काकूंची तान मी ओळखेन.