बत्तीस ग्रॅम बदामाचं लोणी

माझे बाबा उपाशी मरायला निघाले होते, आणि तेही आठ ग्रॅमसाठी.

पस्तीस वर्षं वजनमापं तपासण्याची सरकारी नोकरी करून ते निवृत्त झाले. बाजाराची पीडा टळली आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिसऱ्याच दिवशी त्यांनी चारशे ग्रॅमचा पाव खाली माझ्या दुकानात आणून काट्यावर ठेवला. मी वजनकाटे दुरुस्त करते, ती विद्या त्यांचीच. पाव भरला तीनशे ब्याण्णव. त्या दिवसापासून बाबांनी पाव सोडला.

मग बिस्किटं गेली, चार ग्रॅमपायी. दुधाची पिशवी दहा मिलिलीटरनं उणी निघाली, दूध गेलं. पुडीवर जे छापलंय ते पुडीत नसेल तर ते अन्न नव्हे, फसवणूक आहे, आणि मी फसवणूक गिळणार नाही, असं ते म्हणत. बाजार त्यांना ग्रॅमसाहेब म्हणायचा, ते उगाच नव्हे. आई ताट वाढायची आणि ते प्रत्येक पदार्थाची पुडी मागायचे. अखेर त्यांच्या यादीत केळी आणि सफरचंदं एवढंच उरलं.

"केळं आपलं वजन सांगत नाही, म्हणून ते खोटंही बोलत नाही," ते म्हणाले.

"मी तरी कुठं वजन सांगते? मग माझ्या हातचं का खात नाही?" आई म्हणाली. यावर ते फिरायला गेले.

चार महिन्यांत त्यांचं वजन अठ्ठावन्नवरून शेहेचाळीसवर आलं. पँट कमरेवर राहीना, जिना चढताना दोनदा बसावं लागे. दर रविवारी ते माझ्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभे राहायचे आणि आकडा वाचून म्हणायचे, "काटा उत्तम लावलायस." मला रडू यायचं आणि रागही यायचा. असल्या माणसाला कवटाळावं की झोडावं, हेच कळत नसे.

शेवटी त्यांना ओढत आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई शांत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बदामाचं लोणी घरीच करा. साखर नको, मीठ नको, वरचं तेलही नको. त्यात चांगली चरबी असते, प्रथिनं असतात, पोटाला धरून राहतं. सफरचंदाच्या फोडीला लावून रोज दोन चमचे. बाकीचं खाणं हळूहळू सुरू करू."

मी सुटकेचा श्वास टाकला. घरात केलेलं, म्हणजे पुडी नाही, छापील आकडा नाही. पण बाबांनी खिशातून वही काढली होती.

"कोणता चमचा?"

"घरातला कुठलाही."

बाबांचा चेहरा असा झाला की बाईंनी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

घरी येऊन त्यांनी सगळे चमचे टेबलावर मांडले. सतरा निघाले. प्रत्येकात मी वाटून दिलेलं लोणी भरून, सुरीनं सपाट करून वजन केलं. सगळ्यात लहान नऊ ग्रॅमचा, सगळ्यात मोठा बावीसचा. शिगोशीग भरला तर प्रकरण हाताबाहेर जात होतं. दुसऱ्या दिवशी ते तक्ता घेऊन बाईंच्या दारात हजर. बाईंनी हात टेकले आणि कागदावर लिहून दिलं: बत्तीस ग्रॅम. बाबांनी त्यांना खाली सही करायला लावली ती वेगळीच.

एवढ्यावर भागलं असतं, पण त्याच संध्याकाळी पासंगकाका आले. रिकाम्या तराजूची पारडी सारखी करायला एका बाजूला जो खडा बांधतात, तो पासंग. काकांचा एक खांदा जन्मापासून खाली, म्हणून ते नाव. बाबांच्याच खात्यात होते, आणि बाबांची चूक काढणं हा त्यांचा आयुष्यभराचा छंद.

"बत्तीस ग्रॅम वाटीतलं की पोटातलं?" त्यांनी विचारलं. "चमच्याला चिकटतं त्याचं काय?"

बाबा हादरले. बदामाचं लोणी भारी चिकट, चमचा कितीही चाटला तरी थोडं राहतंच. मग चमच्यासकट वजन करायचं ठरलं. पण चाटलेल्या चमच्याला थुंकी लागते, तिचं वजन धरायचं का? मग चमचा फडक्यानं पुसायचा. पण फडक्याला लोणी लागतं! या एका मुद्द्यावर दोघं चार दिवस भांडले. त्या चार दिवसांत बाबांनी लोण्याला बोटही लावलं नाही, आणि रविवारी काट्यावर पंचेचाळीस भरले. आईच्या तोंडचं पाणी पळालं. 

मग मीच मध्ये पडले. दुकानातला जुना पितळी तराजू वर आणला आणि जेवणाच्या टेबलावर टांगला. डाव्या पारड्यात लोण्याची वाटी, चमचा आणि फडकं. उजव्या पारड्यात वजनं टाकून काटा मध्यावर आणायचा. मग उजवीकडून बत्तीस ग्रॅम उचलायचे, म्हणजे वीस, दहा आणि दोन. डावं पारडं खाली जाणार. बाबांनी खात राहायचं, चमचा आणि फडकं पुन्हा पारड्यात ठेवत जायचं. काटा परत मध्यावर आला की जेवण झालं.

"आणि थुंकी?" पासंगकाका म्हणाले.

"ती माझ्यातर्फे भेट," मी म्हटलं.

बाबांनी तराजूची दांडी बोटानं हलवून बघितली. मग म्हणाले, "पद्धत मान्य आहे." लग्नात आईला होकार दिला तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते म्हणे.

लोणी मी स्वतः करायची. बदाम मंद आचेवर भाजायचे, साल तडतडायला लागली की उतरवायचे, कोमट झाले की मिक्सरमध्ये. आधी पूड होते. मग गोळे होतात आणि भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, आणि वाटतं की सगळं वाया गेलं. उलथन्यानं खरवडायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. दहा-बारा मिनिटं हा छळ. आणि मग एकदम बदाम आपलं तेल सोडतात, गोळा सैल होतो, चकाकतो, आणि मिक्सरचा आवाजच खाली येतो. घरभर असा वास सुटतो की चिडलेला माणूसही दारात येऊन उभा राहतो.

बाबा पहिल्या दिवशी असेच येऊन उभे राहिले. तराजू लावला, काटा मध्यावर आला, मी वजनं उचलली. बाबांनी सफरचंदाच्या फोडीवर लोणी घेतलं आणि तोंडात टाकलं. ते टाळूला चिकटलं. दहा मिनिटं त्यांना बोलता येईना, आणि आई कृतार्थ चेहऱ्यानं खुर्चीत टेकून बसली. "हे औषध चांगलं आहे," ती हळूच म्हणाली.

आता माझा गुन्हा सांगते.

पंचेचाळीस किलोच्या माणसाला बत्तीस ग्रॅमनं काय होणार? मी बाईंना चोरून फोन केला होता. त्या म्हणाल्या, "एरवी मी जास्त खाऊ देत नाही. पण यांना तीन चमचे गेले तर माझ्यातर्फे आभार माना." बाबांना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्याकडे सही केलेला कागद होता.

म्हणून मी शिशाची गोळी केली, गोटीएवढी, सोळा ग्रॅमची. वजनं टाकता टाकता ती मेणानं उजव्या पारड्याच्या खालून चिकटवायची. काटा मध्यावर आला की वीस, दहा, दोन उचलताना ती पण बोटांत घ्यायची आणि एप्रनच्या खिशात टाकायची. बत्तीसच्या नावाखाली अठ्ठेचाळीस. पारड्याखाली मेण लावणारे किती तरी व्यापारी बाबांनी पकडले होते, एकाला तर भर बाजारात. आणि इथं त्यांची स्वतःची मुलगी रोज त्यांच्या नाकासमोर तेच करत होती.  कळलं तर ते लोणी सोडतील, आणि त्यानंतर माझ्या हातचं पाणीही पिणार नाहीत, याची मला खात्री होती. यादीत मग पुन्हा केळी आणि सफरचंदंच उरली असती.

पण वजन वाढायला लागलं. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. अंगात थोडी ताकद आली तशी भूकही परतली. आईनं एके दिवशी त्यांच्यासमोर गरम ओट्स ठेवले आणि पुडी आधीच जाळून टाकली. पुराव्याअभावी त्यांना ते खावे लागले. ओट्सवर लोण्याचा अर्धा वाटा घालून खायची त्यांना चटकच लागली. जिना ते न थांबता चढायला लागले. दहा दिवसांसाठी केलेली लोण्याची बरणी मात्र सातव्या दिवशी तळाला जायची. आईनं कधी विचारलं नाही, नुसते जास्तीचे बदाम आणून ठेवले.

तिसऱ्या महिन्यात बाबा एकावन्न भरले आणि पासंगकाकांच्या कपाळाला आठी पडली.

"बत्तीस ग्रॅमनं एवढं होत नाही, ग्रॅमसाहेब," ते म्हणाले. "तराजूत खोट आहे. मी रविवारी रीतसर तपासणी करणार."

"अवश्य करा," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी मी एप्रनच्या खिशात हात घातला. गोळी नव्हती. आदल्या दिवशी खिशात टाकली होती की पारड्याखालीच राहिली, काही केल्या आठवेना. बघायला धावले, तर बाबा तराजूसमोर खुर्ची टाकून बसलेले. "लांब राहा. तपासणीआधी कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. त्यांच्या हातात त्यांचा जुना पोलादी शिक्का होता. साखळी, दोर, पारडी तपासून पास झाली की पितळेवर ठोकायचा तो. निवृत्तीनंतर तो रद्द झाला होता आणि आई त्यानं आक्रोड फोडायची.

काका आले. भिंग, प्रमाणित वजनं, कागद, सगळा सरंजाम. त्यांनी दांडी बघितली, सुई बघितली. रिकामी पारडी सोडली, काटा बरोबर मध्यावर थांबला. माझा जीव थोडा भांड्यात पडतोय तोच त्यांनी उजव्या पारड्याखाली बोट फिरवलं आणि वर धरलं. बोटाला काहीतरी पिवळट लागलं होतं.

"मेण," काका म्हणाले. त्यांचा खाली असलेला खांदासुद्धा वर आला.

मी डोळे मिटले. सांगून टाकावं, पाय धरावेत, असं मनात आलं.

"पॉलिशचं आहे," बाबांचा आवाज आला. "सकाळी मी तराजू पुसला."

"पितळ मेणानं पुसायला कधीपासून लागलात?"

"निवृत्त झाल्यापासून. बोजा लावून बघा. बरोबर नसेल तर बोला."

काकांनी सगळी वजनं लावून बघितली. तराजू सोन्यासारखा खरा निघाला. त्यांनी कागदावर सही केली, आईनं दिलेला लोण्याचा चमचा तोंडात घातला, आणि त्यानंतर त्यांना काही बोलताच येईना. मी त्यांना खाली फाटकापर्यंत सोडून आले. जिना चढताना मला एकच गोष्ट कळत होती, ती म्हणजे माझे बाबा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते.

वर आले तर बाबांनी वाटी, चमचा आणि फडकं पारड्यात ठेवलंही होतं. "चल, उशीर झाला," ते म्हणाले.

आज खरे बत्तीसच, असं ठरवून मी उजवीकडे वजनं टाकली. काटा मध्यावर आला. वीस उचलले, दहा उचलले, दोन उचलले. आणि सवयीनं बोटं पारड्याखाली गेली.

गोळी तिथं होती. मेण ताजं होतं, आणि त्यावर बोटाला खाचा लागत होत्या. ती मी हातात घेऊन बघितली. मेणावर बाबांच्या शिक्क्याचा ठसा होता, स्वच्छ, सरळ उभा.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. मेण लावणाऱ्याची करंगळी पारड्याखाली जरा जास्त रेंगाळते."

"मग बोलला का नाहीत?"

ते सफरचंदाच्या फोडीला लोणी लावत होते. अगदी कडेपर्यंत, कुठं उघडं राहू नये असं.

"पस्तीस वर्षांत हजारो तराजू तपासले," ते म्हणाले. "सगळे चोर कमी देणारे. जास्त देणारा एकही सापडला नव्हता. त्याच्यावर कलम कुठलं लावायचं, हे शोधतोय अजून."

मग त्यांनी फोड तोंडात टाकली आणि त्यांना बोलता येईना. आईनं नाक पुसलं. मी गोळी एप्रनच्या खिशात टाकली, खुर्ची ओढून बसले आणि काटा मध्यावर येईपर्यंत त्यांना खाताना बघत राहिले.