नोरीनचा लाल शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. माझा लाल पुठ्ठा विटलाय, पाठीचा कणा ढिला झालाय आणि पानांवर रश्श्याचे डाग आहेत. पण कीव करायची नाही हं! सांगून ठेवतो.

छापखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मोठ्या ग्रंथालयात मिरवीन. कुठलं काय! बर्क गावच्या चर्चच्या जत्रेत मला नोरीननं उचललं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या टोळीची ती स्वयंपाकीण. शाळा लहानपणीच सुटलेली. रोजचा बेत मात्र फळ्यावर लिहायची, आणि ‘सॉसेज’चं स्पेलिंगसुद्धा रोज नवं असायचं.

टोळीतला क्लॅरी महाखट्याळ. "काय गं नोरीन, हे खायचं की वाचायचं?"

"आधी खा, मग वाच," ती डाव आपटत म्हणायची. "उपाशी राहायचं असलं तर उलट कर!"

सगळे खो खो हसायचे. ती मात्र भांडी आवरली की मला उघडून बसायची. ‘नेसेसरी’मध्ये सी किती नि एस किती, यावरून तिनं मला किती पिडलं म्हणून सांगू! अहो, शिकलेल्यांचीही तिथं त्रेधा उडते. पुढे तर क्लॅरीच गुपचूप मला मागून न्यायचा. प्रेयसीला पत्र लिहायचं असे ना! पठ्ठ्याचं लग्न जमलं, त्यात माझाही वाटा आहे. उगाच नम्रपणा कशाला करू?

मग घरोघरी स्पेलिंग नि अर्थ सांगणारे मोबाइल फोन आले. मला कुणी विचारेना. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून नोरीननं मला दाराशी ठेवलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

म्हातारपणी नोरीनला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द पळाले. मनात सगळं लख्ख असायचं, पण तोंडात भलतंच यायचं. किटलीला ती ‘मेंढी’ म्हणू लागली. तेव्हा तिनं दाराशी वाकून मला डाव्या हातानं उचललं. रोज सकाळी एकेका शब्दाखाली बोट धरून वाचायची. अडायची, चिडायची, पुन्हा वाचायची. शेजारी राहणारा क्लॅरी अंडी घेऊन यायचा. टोपी गुडघ्यावर ठेवून तिचा शब्द येईपर्यंत बसून राहायचा. आयता शब्द त्यानं तिच्या तोंडात कधी घातला नाही.

तिची मुलगी ग्लेनिस वाईट नव्हती, पण तिला भारी घाई. परवा ती शहरातून खोकी घेऊनच आली. क्लॅरी तिथंच बसला होता. "आई, तिकडच्या वृद्धाश्रमात खोली मिळतेय. तिथं नर्स असते. हे घर विकून टाकू. चालेल ना?"

"में... मेंढी..." नोरीन म्हणाली.

"बघा क्लॅरीकाका, हिला काही कळत नाहीये!" ग्लेनिसचे डोळे भरले होते. तरी तिनं मला उचललं आणि रद्दीच्या खोक्यात टाकलं.

नोरीन उठली. लंगडत आली, मला बाहेर काढलं आणि टेबलावर असं दाणकन आपटलं म्हणता! कप नाचले. माझी दोन पानं सुटली. सुटू देत!

"अगं आई, तुला म्हणायचंय की—"

"थांब गं पोरी," क्लॅरी म्हणाला. "तिचं तिला बोलू दे."

नोरीनचा हात माझ्यावरच होता. मी तरी काय करणार? माझ्या पोटात हजारो शब्द, पण तिला एकही हातात देता येईना.

"आधी... ऐक," नोरीन म्हणाली. "मग... भर. खोकी." तिनं दम घेतला. "मी इथंच. माझं घर."

ग्लेनिस मटकन खुर्चीत बसली. "एकटी पडलीस तर, आई?"

"पडेन," नोरीन म्हणाली. "उठेन."

क्लॅरी हसला. "मी आहे की शेजारी. रोज अंडी घेऊन येतोच."

मग नोरीननं चुलीकडे बोट केलं. "मेंढी ठेव."

ग्लेनिस उठली, तिनं किटली भरली आणि चुलीवर ठेवली.

तर मित्रांनो, माझे डाग पुसू नका, मला काचेच्या कपाटात सजवू नका. फक्त एक करा. कुणाचा शब्द चुकला, अडला, तर त्याच्यावर झडप घालू नका. चुका दुरुस्त करायला मी आहे. तुम्ही आधी ऐका!